सोनचाफ्याची जुनी हकिगत आणि त्याच्या बियांचे गुपित



मावळात फुलशेती म्हटली की आता पहिल्यांदा हरितगृहातला गुलाब डोळ्यांपुढे येतो. फेब्रुवारीत इथला गुलाब परदेशी जातो, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण हरितगृहाचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. ज्याच्याकडे भाताची दोन खाचरे, एक माळ आणि घरामागे थोडी मोकळी जागा आहे, त्याने काय करावे? असा माणूस सोनचाफ्याचा विचार करतो. वडिलांच्या, आजोबांच्या हातचे एखादे मोठे झाड गावात उभे असते. तो त्याचे बी गोळा करतो, वाळवून ठेवतो, जूनमध्ये पेरतो, आणि एकही बी रुजत नाही. दुसरा कोणी नशीबवान निघतो, त्याची रोपे उगवतात. मग तो आठ-दहा वर्षे वाट बघतो आणि शेवटी फूल येते ते बारीक, फिके आणि मोजके.

दोघेही म्हणतात, चाफा आपल्याला लाभत नाही. मंडळी, चाफा न लाभायला नशीब कारण नाही. या झाडाची प्रजा वाढवण्याची रीत फार जुनी आहे, आपल्या इतर पिकांपेक्षा वेगळी आहे, आणि ती आपल्याला कोणी नीट सांगितलेली नाही. म्हणून या पत्रकात आधी झाडाची हकिगत सांगतो. ती कळली की पुढचा सल्ला आपोआप पटेल.

चाफा म्हणजे नेमका कोणता?

आपल्याकडे सुगंधी फूल दिसले की त्याला चाफा म्हणायची सवय आहे. देवळापुढचा, जाड फांद्यांचा, चीक येणारा पांढरा चाफा, ज्याला कोणी खुरचाफा, कोणी देवचाफा म्हणतात, तो मुळात अमेरिकेकडचा पाहुणा आहे. त्याची फांदी तोडून मातीत खोचली तरी जगते. हिरवा चाफा हा सीताफळाचा भाऊबंद. नागचाफा वेगळ्याच घरातला, आणि भुईचाफा तर हळदीच्या जातीचा कंद.

सोनचाफा आणि बागेत हौसेने लावतात तो कवठी चाफा हे मात्र एका घरातले सख्खे आहेत. या घराण्याला शास्त्रात मॅग्नोलिया म्हणतात. हे आधी सांगण्याचे कारण असे की, खुरचाफ्याचा अनुभव धरून पुष्कळ जण सोनचाफ्याची फांदी खोचतात आणि ती वाळली की हात झटकतात. सोनचाफ्याची नुसती फांदी सहसा मुळे धरत नाही. नाव एक असले तरी जात एक नाही, एवढे पहिल्यांदा मनाशी पक्के करा.

ओळखायची खूण सोपी आहे. सोनचाफ्याची कोवळी फांदी हातात घ्या. प्रत्येक पानाच्या देठाजवळ फांदीभोवती बारीक कडे उमटलेले दिसेल. कोवळ्या पानाला झाकणारी टोपी गळून पडली की हे कडे मागे राहते. आणि फांदी मोडली तर पांढरा चीक येत नाही.

लोहगडाच्या दगडाहून जुने घराणे

लोहगड, विसापूर, कार्ल्याची लेणी ज्या काळ्या दगडात आहेत, तो दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. सोनचाफ्याचे घराणे त्याहूनही जुने. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दगडात दबलेली अशी फुले-फळे सापडली की त्यांची ठेवण आजच्या मॅग्नोलियाशी जुळते. डिल्चर आणि क्रेन या दोन शास्त्रज्ञांनी १९८४ साली त्यांचे वर्णन छापले. त्या दगडांचे वय दहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे सह्याद्रीचा दगड थंड होण्याच्या कितीतरी आधी या घराण्याची फुले जगात उमलत होती.

याचा आपल्या बियांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. त्या काळी पोळे बांधून राहणाऱ्या आजच्या मधमाश्या नव्हत्या. भुंगेरे मात्र होते. शेणात, कुजक्या लाकडात, फुलात वावरणारे कठीण पंखांचे बारीक किडे ते भुंगेरे. या घराण्याने आपली फुले भुंगेऱ्यांच्या बेताने घडवली, आणि तो जुना बेत आजही फारसा मोडलेला नाही.

सोनचाफ्याचे फूल उलगडून पाहा. त्यात हिरवी बाहेरची पाकळी आणि रंगीत आतली पाकळी असा भेद दिसत नाही. सगळ्या पाकळ्या सारख्याच, आणि बहुधा बाराहून जास्त. मधोमध एक दांडी उभी असते. दांडीच्या तळाशी चपटे, जाडसर पुंकेसर दाटीने बसलेले, आणि वर, थोडा देठ सोडून, हिरवट बारीक स्त्रीकेसरांचा झुपका. प्रत्येक स्त्रीकेसर सुटा असतो. जास्वंदीसारखी मधाची वाटी यात नाही. भुंगेरा येतो तो वासाला भुलून, पराग आणि कोवळा भाग खायला. अशा दांडगट पाहुण्यापुढे सगळे अवयव जाड आणि राकट असावेत हेच बरे, आणि ते तसेच आहेत.

भुंगा बसत नाही, भुंगेरा बसतो

जुन्या संस्कृत कवींनी एक संकेत धरला होता, की भ्रमर सगळ्या फुलांवर जातो पण चंपकावर जात नाही. आपल्या आजीलाही ही गोष्ट ठाऊक असते. कोणी म्हणतात वास फार उग्र म्हणून, कोणी म्हणतात शाप आहे म्हणून. शापाचा भाग सोडून द्या. पण ज्याने हे पहिल्यांदा म्हटले, त्याची नजर तयार होती खास. जिथे मध नाही तिथे मध पिणारा भुंगा कशाला रेंगाळेल? एखादी माशी परागासाठी येऊन जाते, नाही असे नाही. पण या फुलाचा खरा कामकरी भुंगेरा. ‘भुंगा’ आणि ‘भुंगेरा’ या दोन शब्दांतच सगळी गोष्ट आली बघा.

आता मुख्य मुद्दा. सोनचाफ्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही आहेत, पण दोघांची वेळ एक नाही. कळी उमलू लागते तेव्हा स्त्रीकेसराची टोके ओलसर आणि पराग घ्यायला तयार असतात. पुंकेसर मात्र बंद. पुढे टोके सुकतात, आणि त्यानंतर पुंकेसर फुटून पराग सुटतो. म्हणजे फूल आधी मादी, नंतर नर. स्वतःच्या परागाने स्वतःचेच बी धरू नये, म्हणून निसर्गाने घातलेला हा बांध आहे. मग पराग यायचा कुठून? आदल्या दिवशी उमललेल्या दुसऱ्या फुलातून, भुंगेऱ्याच्या अंगावर बसून.

लिओनार्ड थीन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिथल्या मॅग्नोलिया झाडांपाशी बसून फुलांची ही दिनचर्या आणि भुंगेऱ्यांची ये-जा तपासली आणि १९७४ साली ती प्रसिद्ध केली. तुमच्यापैकी ज्यांची सीताफळाची बाग आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. सीताफळ याच मोठ्या कुळाचे. त्याचेही फूल आधी मादी, मग नर, त्यावरही बारीक भुंगेरेच येतात, आणि ते कमी असले की फूल भरपूर येऊनही फळ धरत नाही.

इंद्रायणीचे बी आणि चाफ्याचे बी

आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली इंद्रायणी ही जात १९८७ साली प्रसारित झाली. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती निवडली. तुम्ही आपल्या खाचरातले चांगले बी राखून ठेवता आणि पुढच्या वर्षी इंद्रायणीच उगवते. का? तर भाताच्या लोंबीतले फूल बहुधा स्वतःच्याच परागाने भरते. आईबाप एकच, म्हणून लेकरू तसेच.

चाफ्याचे तसे नाही. आई तुमच्या अंगणातली, बाप कदाचित शेजारच्या आळीतला. आई भरगच्च केशरी फुलाची असेल आणि बाप फिक्या, बारीक फुलाचा. त्यांच्या बियांतून दहा रोपे झाली तर दहा तऱ्हांची निघतील. आणि गावात एकच झाड असेल तर? त्याच झाडाच्या एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर जाऊन थोडे बी धरू शकते, पण अशा जवळच्या सोयरिकीतून निघालेली रोपे पुष्कळदा दुबळी असतात. भाताचा नियम चाफ्याला लावला, इथेच आपली पहिली चूक झाली.

कागदावर चाफा कधी आला?

फुलाला नर-मादी असते हे माणसाला कळायला फार वेळ लागला. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीडे याने मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात चंपकाचे चित्र आहे. माहिती देणारे लोक आपल्याच देशातले होते. मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन, आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला त्या ग्रंथात छापला आहे. नागरी अक्षरे छापल्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत तो मोडतो. म्हणजे आपल्या शेजारच्या बोलीची अक्षरे आणि आपला चाफा एकाच पुस्तकातून युरोपला पोचले.

पण त्या वेळी पुंकेसर कशासाठी असतात हे तिकडच्या पंडितांनाही नक्की ठाऊक नव्हते. जर्मनीतल्या कॅमेरारियस या प्राध्यापकाने १६९४ साली दाखवून दिले की परागाशिवाय बी धरत नाही. किडे फुलावर येतात ते फुलाचे काम करून जातात, हे श्प्रेंगेल या शिक्षकाने १७९३ साली पुस्तकातून मांडले. तोवर शंभर वर्षे उलटली होती.

नावाचीही एक गंमत ऐका. प्लुमिये नावाच्या फ्रेंच संन्याशाने वेस्ट इंडीज बेटांवर एक सुंदर झाड पाहिले आणि १७०३ साली त्याला माँपेलिएच्या मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. त्यावरून मॅग्नोलिया झाले. हा मान्योल वनस्पतींची घराणी पाडून अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. पुढे त्या प्लुमियेचेच नाव दुसऱ्या एका झाडाला मिळाले, प्लुमेरिया. आणि प्लुमेरिया म्हणजे आपला खुरचाफा! आपण दोघांना चाफा म्हणून गल्लत केली, आणि तिकडेही दोघांच्या नावांत एकाच माणसाचा हात निघाला.

सोनचाफ्याला लिनियसने १७५३ साली मिशेलिया चंपाका म्हटले. हे नाव फ्लॉरेन्सच्या मिकेली यांच्यावरून दिलेले. बुरशीसुद्धा आपल्या बारीक बीजकणांतून वाढते, हे १७२९ साली सांगणारा तो हाच माणूस. सोनचाफ्याची फुले पानांच्या बगलेत येतात आणि स्त्रीकेसरांचा झुपका देठावर उभा असतो, म्हणून त्याला वेगळे घर दिले होते. अलीकडच्या दशकांत आनुवंशिक तपासणी झाली, दोन्ही घरे एकच ठरली, आणि आता त्याला मॅग्नोलिया चंपाका असेच लिहितात. जुन्या पुस्तकात मिशेलिया दिसले तर गोंधळू नका.

मावळची वाट

सोनचाफा हे मूळचे ओल्या, सदाहरित रानाचे झाड. सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि हिमालयाच्या पायथ्याला ते रानात वाढते. आपल्याकडे ते बहुतेक माणसाने लावलेले, देवळापाशी, वाड्यामागे, विहिरीच्या कडेला.

इंग्रजी अमलात पुण्याच्या आसपास झाडांची शास्त्रीय हाताळणी सुरू झाली. मावळच्या तोंडाशी, दापोडीला, गव्हर्नर माल्कम यांच्या काळात १८२८ साली सरकारी वनस्पती बाग निघाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून तिचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्या बागेत एका देशी चित्रकाराने १८४७ ते १८५० मध्ये काढलेली वनस्पतींची चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ सालची.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली झाला. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली आणि घाटातला चढाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. मग लोणावळा-खंडाळ्याला बंगले उठले आणि बंगल्यांभोवती बागा. मुंबईच्या झेवियर महाविद्यालयाचे फादर सांतापाव यांनी खंडाळ्याची दरीखोरी पायी तुडवून तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेला माणूस आपल्या घाटातल्या एकेका गवताची नोंद करतो. आपल्या बांधावरच्या झाडाला फूल कधी येते आणि बी कधी पिकते, एवढे तरी आपण वहीत लिहायला नको का? आज मावळात जमिनीचे तुकडे पडून बंगल्यांसाठी विकले जात आहेत, आणि त्यांबरोबर जुनी चाफ्याची झाडेही जात आहेत. चांगल्या फुलाचे जुने झाड तोडले की त्याचा वाण गेला. तो बियातून परत येत नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

बी मरते कसे?

फूल गळले की दांडी लांबते आणि तिच्यावर द्राक्षाच्या घडासारख्या गाठी धरतात. जेवढ्या स्त्रीकेसरांना पराग मिळाला तेवढ्याच गाठी भरतात. अर्धा घड रिकामा दिसला तर समजा, भुंगेरे कमी पडले किंवा ऐन उमलण्यात पावसाने झोडपले. लोणावळ्याला वर्षाचा पाऊस सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तळेगावाकडे तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यात घाटमाथ्यावरच्या आणि पूर्वेकडच्या झाडांना सारखे बी धरेल अशी अपेक्षा धरू नका.

गाठ पिकली की उकलते आणि आत लाल, मांसल आवरणाचे बी दिसते. हा लाल रंग पाखरांसाठी. बुलबुल, साळुंकी बी गिळतात, लाल गर पचवतात आणि कठीण बी ओल्या सावलीत टाकून देतात. निसर्गाची पेरणी ही अशी. लाल गर निघाला पाहिजे, बी वाळता कामा नये आणि खाली ओल व सावली पाहिजे.

आपण करतो नेमके उलटे. लाल गरासकट बी सुपात घालून उन्हात वाळवतो. गरात तेल असते. ते खवट होते, बुरशी धरते. आणि या बियांना भाताच्या बियांसारखे कोरडे राहणे सोसत नाही. बीमध्ये जो कोंभ असतो तो अगदी चिमुकला असतो, त्याला आतल्या आत वाढायला अवधी लागतो. आधी वाळून गेला तर तो मेलाच. जूनमध्ये आपण पेरतो ते बी बहुतेक मेलेले असते. दोष ना मातीचा ना हाताचा.

कलमाची गोष्ट

निवडक फूल हवे असेल तर कलमाला पर्याय नाही. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या फौजेतून निवृत्त झालेले सुलांज-बोदँ यांनी १८२० च्या सुमारास दोन चिनी मॅग्नोलियांचा हाताने संकर केला. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या कोवळ्या कळीत घातला. त्या बियांचे रोप १८२६ साली फुलले आणि आज थंड देशांतल्या बागांत ते जागोजाग आहे. पण ते जगभर गेले कसे? कलमाने आणि दाबाने, बियाने नव्हे. आपल्याकडे मिळणारा पांढरा सोनचाफा हाही संकर आहे; तो बी जवळजवळ धरतच नाही, म्हणून त्याची कलमेच होतात.

वसईच्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट ओळखली. तिथे कलमी सोनचाफ्याच्या बागा आहेत, झाडे छाटून बुटकी ठेवलेली, आणि पहाटे तोडलेली फुले लोकलने दादरच्या बाजारात जातात. कलमाचे झाड लवकर, दोन-तीन वर्षांत फुलते, कारण त्याची डोळकाडी आधीच वयात आलेल्या झाडाची असते. बियाच्या रोपाला तेवढे वय व्हायला आठ-दहा वर्षे घालवावी लागतात.

इथे एक अनुभव सांगतो, माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणाहून ‘कलमी’ म्हणून चाफ्याची रोपे आणली. पैसे कलमाचे मोजले. चार वर्षे झाली, कळी नाही. मग बुंधा घासून पाहिला, तर जोड कुठेच नव्हता. बियाची रोपे होती. भांडायला जायला पावतीही नव्हती. पैशाचे सोडा, चार वर्षे कोण परत देणार? म्हणून सांगतो, रोप घेताना आधी जोड पाहा, मग पान पाहा.

आता करायचे काय?

१. झाड निवडा. गावातल्या जुन्या झाडांवर वर्षभर लक्ष ठेवा. फुलाचा रंग, आकार, बहराचे महिने वहीत लिहा. उत्तम झाडापासून कलम करा, बी करू नका.

२. खुंटासाठी बी पेरा. जिथे दोन-चार झाडे जवळजवळ आहेत तिथले बी घ्या. गाठी उकलू लागताच उतरवा. पाण्यात भिजवून राख किंवा वाळूने चोळून लाल गर काढा, धुवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पेरा. ठेवणे भागच पडले तर ओलसर वाळूत, थंड जागी थोडेच दिवस ठेवा.

३. गादीवाफ्यात पोयटा, वाळू आणि मुरलेले शेणखत घाला. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल टाका. वर सावली करा. उंदीर आणि खारी बी उकरतात, म्हणून जाळी घाला. दीड ते तीन महिने धीर धरा. उगवले नाही म्हणून वाफा मोडू नका.

४. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर भेट कलम किंवा पाचर कलम करा. आंब्याची कलमे बांधणारा हात असेल तर त्याला हे अवघड नाही. थोडीच झाडे हवी असतील तर पावसाच्या तोंडाला गुटी बांधून पाहा.

५. कलम विकत घेताना जोड मातीच्या वर स्पष्ट दिसला पाहिजे. जोडाखालून येणारे फुटवे वेळच्या वेळी काढा, नाहीतर खुंट वर चढतो आणि कलम मरते. पावती मागून घ्या.

६. लागवड पावसाच्या सुरुवातीला करा. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. कलमांत दहा-दहा फूट अंतर. सोनचाफ्याला ओल हवी पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. घाटमाथ्याच्या बाजूला भाताचे खाचर सोडा, उताराची जागा धरा आणि चर काढा. वाऱ्याच्या तोंडावर आडोसा करा, याचे लाकूड मऊ आहे, फांद्या मोडतात.

७. बहर ओसरला की शेंडे छाटून झाड हाताच्या आवाक्यात ठेवा. फूल पहाटे, पाकळ्या सुटू लागतानाच तोडा. ज्या झाडावर बी धरू द्यायचे नाही तिथे गाठी वेळीच काढा. बी पोसण्यात झाडाची ताकद जाते.

८. भुंगेरे दिसले की लगेच फवारणी नको. फूल कुरतडून दोन पाकळ्या गेल्या तरी बी धरवणारा तोच आहे. फारच नुकसान असेल तर कृषी सहायकाला दाखवून मग ठरवा.

हौस असेल त्याने एक प्रयोग करून पाहावा. आज पराग सुटलेल्या फुलातला पराग कोरड्या कुंचल्यावर घ्या. दुसऱ्या झाडाची उद्या उमलेल अशी कळी अलगद उघडून मधल्या ओल्या टोकांना लावा, कळीवर दोरा बांधून खूण करा. पुढे त्या घडाच्या गाठी मोजा आणि शेजारच्या घडाशी ताडून पाहा. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम द्या, ती तुमच्यापेक्षा बारकाईने करतील.

एक गोष्ट नीट समजून घ्या. पाच-दहा गुंठ्यांत चाफा लावून कोणी एका वर्षात श्रीमंत होत नाही. आधी पाच-सहा कलमे लावा, फूल कुठे खपते ते पाहा. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला येणारी माणसे आहेत, लोणावळ्याला पर्यटक आहेत, श्रावण-गणपती-नवरात्राची मागणी आहे. बाजार पाहून मग वाढवा. पण जुने चांगले झाड असेल तर त्याची दोन कलमे यंदाच बांधून घ्या. पुढच्या वर्षी बांधू म्हणता म्हणता जागा विकली जाते आणि झाड सरपणाला जाते.

दहा कोटी वर्षे हे घराणे पाखरांच्या आणि भुंगेऱ्यांच्या भरवशावर तगले. गावात आणि अंगणात आल्यापासून त्याची भिस्त आपल्यावर आहे. बी ओले ठेवा, कलमाचा जोड पाहा, आणि तुमची शंका पत्राने कळवा. पुढच्या पत्रकात उत्तर देऊ.

राम राम.